ओसरीवरचे पक्षकार

साताऱ्यातल्या आमच्या वयाच्या बहुतेक मुलांनी संध्याकाळी दिव्यापुढे बसून परवचा म्हटला. आम्हीही म्हटला, पण आमचं घर वकिलाचं, त्यामुळे पाढ्यांच्या जोडीला 'जाबदार', 'कैफियत', 'तहकुबी', 'दरखास्त' हे शब्द कानांवर पडत राहिले आणि त्यांचे अर्थ कुणी न सांगता कळत गेले. थोरले काका वकील. घरात आणि गावात त्यांना अण्णाच म्हणत. वेगळं ऑफिस असं काही नव्हतं. शनिवार पेठेतल्या घराची ओसरी हेच ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या, पक्षकारांसाठी लांब बाक, कायद्याच्या पुस्तकांचं काचेचं कपाट, लाल फडक्यात बांधलेले बस्ते आणि कोपऱ्यात कारकून भाऊंचा मराठी टाइपरायटर. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये जे दार होतं ते कधीच नीट लागत नसे. आमचं निम्मं शिक्षण त्या दाराच्या फटीतून झालं.

अण्णांचं पोट चाले ते जमिनीच्या दाव्यांवर. बांध, वहिवाट, वाटप, कूळकायदा. त्यातलं आज आम्हा भावंडांना काही आठवत नाही. सगळे जमलो की गोष्टी निघतात त्या बाकावर बसलेल्या बायांच्या. पहाटेच्या एसटीनं मेढ्याकडून, पाटणकडून आलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेल्या. बरोबर म्हातारा बाप नाहीतर भाऊ आणि कडेवर एखादं पोर. बोलायचं काम बापाचं. बाई जमिनीकडे बघत बसायची आणि बाप म्हणायचा, "वकीलसायेब, जावयानं हिला टाकलीया."

त्या डोंगरभागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एकतरी पुरुष तेव्हा मुंबईत असायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी. बायको गावाकडे शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायची. नवरा यात्रेला आणि गणपतीला यायचा. मग एखाद्या वर्षी तो यात्रेला यायचा नाही. मनीऑर्डर आधी कमी व्हायची, मग थांबायची. लालबागहून आलेला कुणी गाववाला सांगायचा की त्यानं तिकडे दुसरी केलीय. अशा बाईला अण्णा पहिला प्रश्न विचारत तो हा, की मनीऑर्डरीची कुपनं ठेवली आहेत का? आम्हाला तो प्रश्न फार कोरडा वाटे. पुढे कळलं की त्या चिटोऱ्यावर नवऱ्याचा पत्ता असे, कधी खात्याचं नाव असे आणि तो दरमहा किती पाठवू शकत होता याचा आकडा असे. अक्षरओळख नसलेल्या बायांनी ती कुपनं पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं जपलेली असायची. पुराव्याचा कायदा त्यांना कुणी शिकवला नव्हता.

कायदा तेव्हाही होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं ४८८ कलम १९७४ च्या एप्रिलपासून १२५ झालं. बायकोला, मुलांना आणि नव्यानं आईबापांनाही पोटगी मागता येऊ लागली. त्याला मर्यादा होती महिना पाचशे रुपयांची, आणि ती २००१ पर्यंत कायद्यात तशीच राहिली. आज वाचणाऱ्याला हसू येईल, पण त्या पाचशेच्या आसपाससुद्धा आमच्या ओसरीवरची फारशी कुणी पोहोचली नाही. मॅजिस्ट्रेट साठ, ऐंशी, शंभर असे आकडे मांडत. त्याहून मोठी अडचण वसुलीची. समन्स मुंबईला जायचं आणि शेरा मारून परत यायचं, 'सदर इसम दिल्या पत्त्यावर मिळून येत नाही.' त्या इसमाची पाळी कुठल्या गिरणीत कितीची आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असे. भाऊ तो शेरा आम्हाला नाट्यमय आवाजात वाचून दाखवत. त्यामुळे आमच्या घरात बराच काळ, हाक मारूनही जेवायला न येणाऱ्या मुलाला 'मिळून न येणारा इसम' म्हणत.

दुसरं लग्न केलं म्हणून नवऱ्याला तुरुंगात टाका, असं बाप हमखास म्हणायचा. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ चा, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं तर देशभरच बंदी आली. कागदावर सगळं ठीक. पण १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं भाऊराव लोखंडे यांच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्याच, खटल्यात ठरवून टाकलं की दुसरं लग्न विधिपूर्वक लागल्याचं सिद्ध झालं तरच तो गुन्हा. होम झाला का, सप्तपदी झाली का, हे शाबीत करा. आता परळच्या एका खोलीत हार घालून लागलेल्या लग्नाचा भटजी आणि साक्षीदार मेढ्याची बाई कुठून आणणार? अण्णा तो निकाल सांगू लागले की बाप गप्प व्हायचा. बाईच्या चेहऱ्यावर मात्र मला कधी आश्चर्य दिसलं नाही.

कधी कधी ती दुसरीही त्याच बाकावर येऊन बसे. तिला पहिली आहे हे सांगितलेलं नसायचं. तिचं प्रकरण आणखी अवघड. १९८८ साली यमुनाबाई आढाव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लग्नच बेकायदेशीर असेल तर ती १२५ खाली बायको ठरत नाही. पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या पुरुषालाच त्याचा फायदा मिळू नये, अशा बाईला पोटगी मिळावी, हे न्यायालय म्हणालं २०१३ साली, तेही महाराष्ट्रातल्याच गोडसे प्रकरणात. तोवर पंचवीस वर्षं गेली होती आणि अण्णाही.

या सगळ्यात काकीचं काम कुठल्याच वकीलपत्रावर नव्हतं. कोर्टाचं काम पाचच्या पुढे रेंगाळलं की पाटणकडची मुक्कामी गाडी चुकायची. लॉजवर राहण्याची ऐपत नाही आणि बाईमाणसाला त्या काळी कुणी खोली देतही नसे. मग काकी माजघरात घोंगडी अंथरायची. पिठलं, भाकरी, कांदा. पोर झोपलं की बाई बोलू लागायची. दिवसभर बापानं आणि वकिलानं जी हकिकत मांडलेली असे, त्याहून वेगळीच हकिकत रात्री बाहेर यायची. बापाला सांगता येणार नाही असं काही, सासऱ्याविषयी काही, कधी नवऱ्याच्या बाजूनं काही. आम्ही पांघरुणात डोळे मिटून जागे. सकाळी काकी चहा देताना अण्णांना म्हणायची, "तुमच्या अर्जात लिहिलंय तसं झालेलं नाही. पुन्हा विचारा तिला. आणि बापाला बाहेर बसवा."

चहावरून आठवलं. पक्षकारांचे कप वेगळे होते. ओसरीच्या कोनाड्यात पालथे ठेवलेले, दांडा तुटलेले. जुनी माणसं या घराच्या आतिथ्याचं फार कौतुक करतात, त्यात हे कप येत नाहीत. आजी होती तोवर ते राहिले. आजी गेल्यावर काकीनं कधीतरी ते मोडीत काढले, कुणाला न सांगता.

काकी सातवी झालेली. भाऊंनी टंकलेला अर्ज ती बाईला वाचून दाखवायची, एकेका वाक्याला थांबून. "हे तू म्हणालीस ना?" भाऊंचा एक ठरलेला मजकूर होता, 'अर्जदार ही अशिक्षित व अबला स्त्री असून तिला उपजीविकेचे कोणतेही साधन नाही.' एकदा कोरेगावकडची एक बाई त्या वाक्याला अडली. म्हणाली, "अबला कशापायी? दीड एकराची भांगलण येकटी करते मी." काकी तो कागद घेऊन अण्णांकडे गेली. अण्णा हसले आणि म्हणाले की तो शब्द तिच्यासाठी नाही, मॅजिस्ट्रेटसाठी आहे. शब्द तसाच राहिला. कोर्टात समोरच्या वकिलानं बाईला उलटतपासात नेमकं तेच विचारलं, शेतात काम करता का? तिनं अभिमानानं दीड एकर सांगितलं आणि पोटगी कमी झाली. त्यानंतर अण्णा अर्जात 'स्वतःच्या कष्टावर कसेबसे पोट भरते' असं लिहू लागले. आमच्या मते त्यांच्या वकिलीतली ती मोठी सुधारणा, आणि ती काकीच्या माजघरातून झाली.

आम्ही मुलं कोर्ट-कोर्ट खेळायचो. थोरली ताई न्यायाधीश, कारण पुकारा करायला तिचा आवाज लागायचा नाही आणि निकाल द्यायला लागायचा. भांडण झालं की नोटीस निघायची. धाकट्या भावाला आम्ही दिलेली एक नोटीस अजून कुणाच्या तरी ट्रंकेत आहे: 'आपण कोणतेही सबळ कारण नसताना लगोरीच्या खेळातून निघून गेला आहात. ही नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांचे आत खेळायला यावे. न आल्यास होणाऱ्या परिणामांची व खर्चाची जबाबदारी आपणावर राहील.' मूळ मजकूर अर्थात 'नांदायला या' या नोटिशीचा. रजिस्टर एडीनं जाणारी ती नोटीस भाऊ न बघता टंकत.

त्या नोटिशीतली गोम आम्हाला मोठेपणी कळली. हिंदू विवाह कायद्याच्या ९व्या कलमाखाली नांदायला येण्याचा दावा करता येतो. १९६४ च्या दुरुस्तीनंतर अशा हुकूमनाम्यानंतर ठरावीक मुदतीत, जी १९७६ पासून एक वर्ष झाली, दोघं एकत्र आले नाहीत तर कुणालाही घटस्फोट मागता येऊ लागला. मग काय, ज्याला बायको नको होती तोच सगळ्यात आधी 'ये, नांदायला ये' म्हणून दावा लावू लागला. ती येणार नाही याची खात्री असली की काम सोपं. आली तर पंचाईत! एकजण आली होती. पेटी घेऊन, थेट सासरच्या दारात, हातात नोटीस. नवरा धावत आमच्या ओसरीवर, "आता काय करायचं, अण्णा?" अण्णा त्याचे वकील. ते म्हणाले, "नांदा."

काकी अशा वेळी रखमाबाईंचं नाव काढायची. तिच्या माहेरी कुणी तरी तिला ती गोष्ट सांगितली होती. लहानपणी लागलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला रखमाबाईंनी नकार दिला, १८८४ साली दादाजी भिकाजीनं मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हींनी त्यांना जबरदस्तीनं पाठवायला नकार दिला; अपिलानंतर प्रकरण फिरलं आणि १८८७ साली हुकूम झाला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. "दोन हजार तिनं दिले हो," काकी न विसरता सांगायची, "त्यानं नाही." तुरुंगाची शिक्षा पुढे गेली, कलम राहिलं. १९८३ साली आंध्र हायकोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं. आजही आहे.

अण्णांचा खरा जीव समेटात होता. संध्याकाळी ओसरीवर दोन्हीकडची माणसं यायची, दोन बाकांवर समोरासमोर. पानसुपारी, थोडी आरडाओरड, मग अण्णांचं ठरलेलं बोलणं, आणि रात्री नऊपर्यंत कागद. 'यापुढे जाबदार अर्जदारास नीट नांदवील, मारहाण करणार नाही.' खाली दोन अंगठे. गावात अण्णांचं नाव होतं ते या समेटांमुळे, आणि त्या आठवणीनं गहिवरणारी माणसं आजही भेटतात. आम्हा भावंडांत यावर एकमत नाही. धाकटा म्हणतो, किती संसार वाचले. ताई म्हणते, वाचले म्हणजे काय ते त्या बाईला विचारलं होतं का कुणी? मी ताईच्या बाजूची. समेटाच्या त्या बैठकीत बाई आतल्या दाराशी उभी असायची आणि तिच्या वतीनं सगळे पुरुष बोलायचे. कागदावर अंगठा तिचा यायचा तो सगळ्यात शेवटी.

शिवाय त्या समेटाला कायद्याचीही एक कड होती. पुण्यात सुरू झालेल्या दास्ताने खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या मार्चमध्ये दिला. वकिलांच्या घरांत तो निकाल क्रिकेटच्या सामन्यासारखा चर्चिला गेला. क्रूरपणा सिद्ध करायला फौजदारीसारखा निःसंशय पुरावा लागत नाही, अधिक संभव कुठल्या बाजूला दिसतो ते पुरेसं, हे त्यात ठरलं. पण तेवढंच नाही. बायकोचा क्रूरपणा सिद्ध होऊनही नवरा हरला, कारण त्यानंतर तो तिच्याबरोबर नांदला होता. म्हणजे त्यानं ते माफ केलं असा अर्थ न्यायालयानं काढला. अण्णा ए.आय.आर. या निकालसंग्रहाचा अंक हातात घेऊन हे सांगत होते तेव्हा काकी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही ज्यांना समेट करून परत धाडता, त्यांचा मागचा सगळा मार माफ?" अण्णा म्हणाले, माफी सशर्त असते, पुन्हा छळ झाला की जुनंही उकरून काढता येतं, निकालातच आहे. ते खरंच आहे. काकीनं भाजी निवडायची थांबवली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ओसरीवरची प्रकरणंच बदलली. ज्याच्या पगारातून वसुली करायची त्याला पगारच नाही. दरखास्ती पडून राहिल्या. आणि काही नवरे परत आले. सहा-सात वर्षं तोंड न दाखवलेला माणूस वळकटी घेऊन गावच्या घराच्या पडवीत येऊन बसला. मुंबईतली खोली गेली, ती दुसरीही गेली. अण्णांनी त्यातल्या एकाचा कागद मोठ्या समाधानानं केला. काकी म्हणाली, "हा समेट नाही, हा संप आहे."

त्याच वर्षी पुण्यात नारी समता मंच उभा राहिला, 'मी एक मंजुश्री' हे बायकांच्या छळावरचं प्रदर्शन झालं. आमच्या कॉलेजातल्या वयाला त्याची झळ लागली. 'उंबरठा' सिनेमा पाहून आम्ही बहिणी घरी आलो तेव्हा जेवताना जोराचं भांडण झालं. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेल्या बाया स्टेजवर उभ्या राहून स्वतः बोलल्या, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. अण्णांनी बातमी वाचली आणि नुसतं "रेशनकार्ड" एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत ती मागणी त्यांच्या एकाही अर्जात आली नव्हती.

पण या सगळ्याआधी आमच्या घरातच एक प्रकरण होतं, आणि त्याचा बस्ता कधी बांधला गेला नाही. आत्या. १९७१ च्या सुमारास ती मुंबईहून आली ती राहिलीच. का, ते मुलांना सांगितलं गेलं नाही आणि मोठ्यांनीही आपापसात धड बोलून घेतलं असेल असं वाटत नाही. मंगळसूत्र गळ्यात होतं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, आणि ती खोलीत शिरली की बायकांचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. दुसऱ्यांच्या बहिणींची वकीलपत्रं घेणारे अण्णा सख्ख्या बहिणीचं प्रकरण निघालं की म्हणत, "बघू." घराची अब्रू, आजीची तब्येत, पुढच्या मुलींची लग्नं. त्या पुढच्या मुली म्हणजे आम्ही. आत्यानं डी.एड. केलं, झेडपीच्या शाळेत लागली, रोज एसटीनं जाऊन-येऊन राहिली.

१९७६ मध्ये कायदा बदलला. तोवर क्रूरपणासाठी फक्त न्यायालयीन विभक्तता मिळे, आता घटस्फोट मिळू लागला. आणि १३-ब कलम आलं, परस्परसंमतीचं. वर्षभर वेगळे राहिलेले दोघं मिळून अर्ज करू शकतील, सहा महिने थांबून पुन्हा कोर्टापुढे येतील, मोडतोड न करता मोकळे होतील. वर्ष-दीड वर्षानं आत्याच्या नवऱ्याच्या वकिलाचं पत्र आलं. त्याला दुसरं लग्न करायचं होतं, आता रीतसर. अण्णांनी ते पत्र खिशात ठेवलं. आत्याला पोस्टमननं आधीच सांगितलं होतं.

रात्री तिनं जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर हात पुढे केला, "कागद." मसुदा तिनं स्वतः वाचला, शाळेतल्या निबंधाच्या वह्या तपासतात तसा, लाल पेन्सिलीनं. 'स्वभाव न जुळल्याने' खाली रेघ. त्यावर समासात 'कुणाचा?' मग तिनं यादी लिहिली, आठवणीतून: पाटल्या, तोडे, शालू, उषाचं शिवणयंत्र, तांब्याचा बंब. अण्णा म्हणाले, दागिने मागू, बंब सोडून दे, शोभत नाही. ती म्हणाली, "बंब माझ्या बापानं दिलाय." स्त्रीधन नवऱ्याकडे ठेव म्हणून असतं, त्यावर त्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात ठणकावलं ते १९८५ साली. आत्याला त्याची गरज पडली नाही. लग्न साताऱ्यात लागलेलं, त्यामुळे अर्ज इथेच करता आला. बंब ट्रान्सपोर्टनं आला, एका बाजूला पोचा पडलेला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही सगळे त्यातल्या पाण्यानं आंघोळ करत होतो.

सहा महिन्यांनी दुसऱ्या तारखेला ताई तिच्याबरोबर गेली होती. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, संमती स्वखुशीनं दिली ना? कुणाची जबरदस्ती?" आत्या म्हणाली, "जबरदस्ती नाही. उशीर झाला, एवढंच." अण्णा बाजूला काळा कोट घालून उभे होते.

त्या मसुद्यात एक ओळ होती, की अर्जदार स्त्री कायमच्या पोटगीचा हक्क सोडून देते. आत्यानं तिला लाल पेन्सिल लावली नाही, पगार आहे म्हणाली. ताईला ती ओळ अजून बोचते. आज ती स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे, आणि परस्परसंमतीच्या प्रत्येक मसुद्यात ही ओळ शोधते. लवकर सुटका व्हावी म्हणून बाया ती डोळे झाकून मान्य करतात.

आमच्या पिढीतही संसार मोडले, ते पुण्या-मुंबईत मोडले. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा, पुण्यात आणि वांद्र्याला ती न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. माझ्या एका चुलतबहिणीचं प्रकरण पुण्याच्या कुटुंब न्यायालयात चाललं. तिथे वकील हक्कानं उभा राहू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आधी समुपदेशकाकडे जावं लागतं, आणि समुपदेशक नवरा-बायको दोघांशी वेगवेगळं बोलतात. आमच्या ओसरीवर जे काम काकी रात्री घोंगडीवर करायची ते इथे पगारी माणूस दिवसा टेबलापाशी करत होता, ही केवढी प्रगती! तरी बहीण सांगायची की समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर ताटकळताना तिला भूक लागायची आणि उठून जावं तर नेमका तेव्हाच पुकारा होईल अशी भीती वाटायची. मी डबा घेऊन जात असे.

जुन्या माणसांचा एक आवडता सूर असतो, की हल्ली कोर्टकचेऱ्या वाढल्या, आमच्या वेळी घरातल्या घरात मिटत असे. मिटत नव्हतं. घरातल्या घरात राहत होतं. बाईला मदत मिळायची ती तिच्या बापाला एखादा अण्णा ठाऊक असेल तर, त्या अण्णाच्या घरी एखादी काकी असेल तर, आणि मुक्कामी गाडी चुकली त्या रात्री माजघरात जागा असेल तर. ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्या गोष्टी आमच्या घरात सांगितल्या जात नाहीत, कारण त्या आमच्या ओसरीपर्यंत आल्याच नाहीत.

ताईच्या टेबलापाशी मी कधी कधी बसते. स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे 'फारकत' लिहून दिली, आता घटस्फोट झाला, असं समजणारी माणसं आजही येतात. जातीत काडीमोडीची जुनी रूढी होती हे शाबीत झालं तर कायदा ती मानतो. बाकी तो कागद रद्दी. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलेले पुरुष डोक्याला हात लावून बसतात. बायांचा प्रश्न मात्र जुनाच, की वकील परवडत नाही. तेव्हा जाताना तेवढं सांगते.

विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे, प्रत्येक स्त्रीला फुकट वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हा प्रश्न विचारता येत नाही. पुरुषांना उत्पन्नाची अट आहे, पण अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग पुरुषांना तीही नाही. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, छळ आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना १ ऑक्टोबर १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं आहे आणि पाचशेची मर्यादा केव्हाच गेली. पोटगीच्या अर्जात दोघांनीही मिळकतीचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं आहे. परस्परसंमतीतली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात कमी होऊ शकते, हे २०१७ पासून. मारहाण असेल, घराबाहेर काढलं असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. त्या घरात राहण्याचा हुकूमही मागता येतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी.

प्रत्येक तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. फोन करायचा तर १५१००, पैसे पडत नाहीत. जाताना लग्नाचा काहीतरी पुरावा, मुलांचे दाखले आणि नवऱ्यानं पूर्वी पैसे पाठवल्याच्या बँकेतल्या नोंदी न्या. वकिलानं तुमच्या नावानं काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी अशी आली असेल, तर तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर कोर्टात जा, डबा घेऊन.